त्रास नाही

आवणी उरकली की इगतपुरीकडच्या बायका कंबर धरून माझ्या इंदिरानगरच्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकात येतात. दिवस दिवस चिखलात वाकून भाताची रोपं लावायची, मग दुसरं काय होणार? मी त्या दुखण्याला नावच ठेवलं होतं, ‘आवणीची कंबर’. शेक, थोडे व्यायाम, आठ दिवसांत बाई चालू. या नावाचा मला जरा गर्वही होता.

त्या मावशीही तशाच आल्या. चाळिशीच्या, सोबत नवरा. पहिल्या दिवशी मी नेहमीचा प्रश्न विचारला, “लघवीला काही त्रास?”

“नाय.”

मी ‘त्रास नाही’ लिहून मोकळी झाले.

तिसऱ्या दिवशी शेक घेऊन त्या दाराकडे निघाल्या. एक चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि त्यांना कळलंच नाही. पायातली चप्पल कळत नाही, म्हणजे दुखणं नुसतं कमरेचं नव्हतं. त्यांना पडद्याआड नेऊन हळूच विचारलं, “मावशी, लघवीला शेवटचं कधी गेलात?”

“काल सकाळी. लागतच नाय, ताई. बरंच हाय, येष्टीत त्रास नाय.”

“आणि बसायची जागा?”

“बधिर हाय. पाटावर बसले का गोधडीवर, कळत नाय. त्यांच्याम्होरं कसं सांगू?”

मणक्यातली गादी सरकून शिरा दाबल्या जात होत्या. उशीर झाला तर जन्माची लघवीची नळी, कदाचित पायही लुळे. आणि मी तीन दिवस शेक देत बसले होते. सर्जनला फोन लावताना नंबर दोनदा चुकला. रिक्षात मावशींनी विचारलं, “लय मोठं हाय का?” मी नाही म्हणाले. धडधडीत खोटं.

संध्याकाळच्या आत ऑपरेशन झालं. पुढचे दिवस मला अन्न गोड लागलं नाही. ऑपरेशनच्या वेळी लावलेली लघवीची नळी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वॉर्डच्या दाराशीच थबकले. जाणीव परतली की नाही, हे ऐकायला आत जायचा धीर होईना. मावशींनीच मला पाहिलं आणि तक्रार सुरू केली.

“ताई, आता लय त्रास हाय. घडीघडी लागतं, जळजळ पण व्हतीय.”

मी पलंगाच्या कडेला बसले आणि ढसाढसा रडले. मावशी गोंधळून नवऱ्याला म्हणाल्या, “आवं, ताईला पाणी द्या. त्रास मला हाय, न् रडतीय ती.”