फूटबोर्डावरचे मिस्त्री

गाडी कुणाचीही असो, मिस्त्री आधी बॉनेटवर उजवा पंजा ठेवायचे आणि डोळे मिटायचे. मालक काय बिघडलंय ते सांगायला लागला, की डोळे न उघडताच म्हणायचे, "तुमी जरा गप ऱ्हावा. तिला बोलू द्या."

कापूरहोळला, हायवेतून भोरचा रस्ता फुटतो तिथं, त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मी रस्त्याच्या कामावर कारकून होतो आणि आमचं ऑफिस म्हणजे त्या गॅरेजला लागून असलेली एक खोली. सत्तर सालाच्या आसपास तुम्ही त्या वाटेनं एसटीनं गेला असाल, तर एका कानावर बिडी आणि दुसऱ्या कानावर पेन्सिल खोवलेला तो उंच माणूस तुम्हीही पाहिला असेल.

मिस्त्री कामथडीचे. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या ट्रकांवर काम शिकलेले. एकदा वऱ्हाडाची टॅक्सी त्यांच्या दारात बंद पडली, तर त्यांनी मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवालाच खाली उतरवून धक्का मारायला लावला. "ढकला नवरदेव. आजपासनं हेच हाय," म्हणाले. वऱ्हाड हसून लोळलं. मिस्त्री हसले नाहीत. ते पेट्रोलची नळी फुंकत होते.

धम्मदीक्षा घेऊन त्यांना दहा-बारा वर्षं झाली होती. तरी समोरच्या हॉटेलात त्यांचा कप वेगळा, बाहेरच्या कट्ट्यावर पालथा ठेवलेला असायचा. मी रोज तिथंच चहा प्यायचो. मला तो कप दिसायचा. मी कधी काही बोललो नाही.

पुण्याच्या एका शेठचा भोरला बंगला होता आणि बंगल्यात एक जुनी मोटार. तारांची चाकं, कापडी टप, दोन्ही बाजूंना लांब फूटबोर्ड. अकरा वर्षं मिस्त्रींनी ती चालती ठेवली होती. मिळत नसलेले भाग स्वतः कानशीनं घासून बनवले होते. तिला ते म्हातारी म्हणायचे. "म्हातारी लई गुणाची. फकस्त घाई केलेली तिला खपत न्हाई."

मग जुन्या मोटारींची रॅली काढायचं ठरलं. पुण्याहून कोकणात. पहिल्या दिवशी कापूरहोळ, भोर, वरंधा घाट आणि मुक्काम महाडला. शेठनं नाव दिलं. मिस्त्रींनी त्यांना आधीच सांगितलं होतं, की मागच्या डाव्या चाकाचं सील गेलंय, ब्रेकला तेल लागतंय, आठ दिवस गाडी माझ्याकडं ठेवा. शेठनं गाडी रंगाला म्हणून पुण्याला नेली.

कापूरहोळला गाड्यांची वेळ लिहून कार्डावर शिक्का मारायचं काम माझ्याकडं आलं. सूचनांचा एक कागद होता. गाडी धोक्याची वाटली तर शिक्का न मारता थांबवावी, असं त्यात लिहिलं होतं. आदल्या दिवशी मीच तो कागद मिस्त्रींना मोठ्या हौसेनं वाचून दाखवला होता.

सकाळी दहाला पहिल्या गाड्या आल्या. नसरापूरपासून लोक बघायला आलेले. आमचे साहेब हार घेऊन उभे. म्हातारी आली तेव्हा तर टाळ्याच पडल्या. लालभडक रंग, पितळ लखलखणारं. शेठ स्वतः चालवत होते. मागं त्यांची बायको आणि पाच-सहा वर्षांची नात.

मिस्त्री बॉनेटकडं गेलेच नाहीत. थेट मागच्या चाकापाशी उकिडवे बसले, आतून बोट फिरवलं आणि ते बोट शेठसमोर धरलं. बोटावरून तेल ओघळत होतं.

"शेठ, हिला घाटात नेऊ नगा. उताराला धरायची न्हाई."

"पुण्यात तपासून घेतलीय. बाजूला हो तू."

"मागं ल्येकरू बसलंय, शेठ."

"मिस्त्री, आज चांगल्या दिवशी कटकट नको."

मिस्त्री माझ्याकडं वळले. "भाऊसाहेब, तुमी शिक्का मारू नगा. त्या कागदात लिवलंय तसं करा."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. साहेबांनी माझ्याकडं डोळे वटारले. शेठनं हसत कार्ड पुढं केलं. माझा हात शाईच्या पॅडकडं कधी गेला ते मला कळलं नाही, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे कळलं होतं.

मिस्त्री रागावले नाहीत. गॅरेजात गेले आणि चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा घेऊन आले.

"मग म्या घाट उतरंपतुर येतो."

"ये. पण सीटला नवं कापड लावलंय. फूटबोर्डावर उभा राहा."

ते चढले. एका हातात ठोकळा, दुसऱ्या हातानं टपाची दांडी धरलेली. गाडी भोरच्या रस्त्याला लागली.

चार वाजता महाडकडून आलेल्या ट्रकवाल्यानं सांगितलं. घाटाच्या उतारावर ब्रेकनं दगा दिला. वळणाच्या अलीकडं मिस्त्रींनी उडी मारून मागच्या चाकाखाली ठोकळा घातला. तो निसटला. पळत जाऊन त्यांनी तो पुन्हा घातला. या वेळी चाक अडलं, गाडी आडवी फिरली, आणि गाडी अन् कठड्याच्या मधे मिस्त्री सापडले. शेठ, त्यांची बायको, नात, कुणाला ओरखडासुद्धा नव्हता. महाडला पोचेपर्यंत मिस्त्री संपले होते.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या गाड्या पुढं गेल्या.

शेठनं जबाब दिला, की कापूरहोळला मिस्त्रीनंच गाडी पाहून नीट आहे म्हणून सांगितलं, कार्डावर शिक्का आहेच. हवालदार माझ्याकडं आला. साहेब शेजारच्या खुर्चीत बसलेले. मी म्हणालो, "मी वेळ लिहिली आणि शिक्का मारला." त्यात खोटं काही नव्हतं. त्यानं लिहून घेतलं, मी सही केली.

पंधरा दिवसांनी मिस्त्रींची बायको ऑफिसच्या दारात आली. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"तुमी हुता न्हवं तितं?"

"होतो."

"लोक म्हणत्यात, त्यांनीच गाडी नीट हाय म्हणून सांगितलं. आन् सवताच्या चुकीनं गेले. खरं हाय का?"

"नाही वहिनी. ते म्हणाले होते, गाडी जाऊ देऊ नका."

"कुणाला म्हणाले?"

दोन अक्षरांचं उत्तर होतं. मी टेबलावरच्या फायलींकडं बघत राहिलो.

 मग तिनं पदराची गाठ सोडून किल्ली काढली, गॅरेज उघडलं, आत खिळ्याला टांगलेला खाकी शर्ट घेतला आणि कुलूप पुन्हा लावलं. पुण्याकडची एसटी आली. ती खिडकीपाशी बसली, मांडीवर शर्ट ठेवून त्याची गुंडी न् गुंडी लावत. गाडी माझ्या दारावरून गेली तेव्हा तिनं मान वर केली नाही.