कालचा समुद्र

आमच्या ऑफिसात माणसं तीन: सावंत सर, डिझाइनवाली मृणाल आणि प्रोग्रामर मी. पण किस्से तीस माणसांना पुरतील एवढे! चहा आला की मृणाल सुरू होते, "त्या दिवशी काय झालं माहितीये..." आणि मी कप घेऊन खिडकीकडे सरकतो. कारण प्रत्येक किश्शात गाढव मीच असतो.

आधी आमचं काम सांगतो. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत बसून आम्ही समुद्र दाखवतो! मच्छीमारांच्या बोटींवर छोटी यंत्रं बसवलीयत. बोट कुठे आहे, तिचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे यंत्र दर मिनिटाला कळवतं. तुम्ही ब्राउझरमध्ये लिंक उघडायची, व्हीआरचा हेडसेट डोळ्यांवर चढवायचा, की समुद्राच्या मधोमध! भोवती खऱ्या बोटी, आत्ता जिथे आहेत तिथेच. कोपऱ्यात हिरवं 'लाइव्ह' लुकलुकतं. ते मीच बसवलंय.

*

एकदा एक सरकारी साहेब बघायला आले. हेडसेट चढवला, समोरून लाट आली, आणि साहेबांनी चटकन बूट काढून पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर ओढली!

मी गुपचूप व्हिडिओ काढून मृणालला पाठवला. लगेच साहेबांचा फोन वाजला. मृणालला कुठला, साहेब ज्यात होते त्याच ग्रुपवर टाकला होता!

"पाणी गार होतं हो," एवढंच म्हणून साहेब मोजे घालू लागले. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

*

एका संध्याकाळी घरी जाताना हातखंब्याला चहाला थांबलो. सहज मोबाइलवर नकाशा उघडला, तर एक बोट चक्क हायवेवर! घाबरून बोटमालकांना फोन लावला.

"काका, तुमची बोट हातखंब्यात दिसतेय!"

"बोट माझ्यासमोर हाय. तू कुठं हायस?"

"हातखंब्यात."

"आणि यंत्र दुरुस्तीला कोण घेऊन गेला?"

यंत्र माझ्याच स्कूटरच्या डिकीत होतं.

*

मग मच्छीमार सोसायटीसमोर डेमो ठरला. त्यांनी होकार दिला की सगळ्या बोटींवर आमची यंत्रं बसणार होती. ऐन वेळी सर्व्हर बंद! सगळा समुद्र रिकामा. सर कानाशी पुटपुटले, "बघत काय बसलास? कालचं रेकॉर्डिंग लाव!"

लावलं. 'लाइव्ह' तसंच लुकलुकत राहिलं. टाळ्या पडल्या, चेअरमननी माझी पाठ थोपटली. खरं सांगतो, तेव्हा मला लाजबीज काही वाटली नाही. उलट पुढच्या वेळची सोय म्हणून मी आदल्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावायचं एक बटणच करून ठेवलं.

*

त्या डेमोला हलिमाचाची होत्या. त्यांचा मुलगा इम्रान बोटीवर तांडेल, म्हणजे बोट त्याच्याच हाती. एके दिवशी सकाळी त्याची बोट यायची होती ती आली नाही, फोनही लागेना. चाची रिक्षा करून थेट ऑफिसात आल्या.

"तो चष्मा लाव मला. माझा इम्रान दाखव."

सर्व्हर पहाटेपासून बंद होता. मी एकटाच होतो. "दिसत नाही," असं त्या माउलीला सांगायला जीभच उचलेना. मी बटण दाबलं.

चाचींनी मान वळवून सगळीकडे पाहिलं. खाडीतल्या नांगरलेल्या बोटी पाहिल्या. मग लांब इम्रानची बोट दिसली, तशी हवेतच तिच्यावरून हात फिरवला.

"हाय," म्हणाल्या. "बरं झालं. जाते मी."

त्या गेल्या आणि मग माझ्या लक्षात आलं. मुलगा सुखरूप आहे समजून ही बाई आता शोधायला कोणाला पाठवणारच नाही! जेटीवर फोनावर फोन केले, एकानेही उचलला नाही. डबा तसाच राहिला. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी इम्रान आला. इंजिन बंद पडून बोट वाहत चालली होती, त्याच्या काकांच्या बोटीने ओढून आणली.

दुसऱ्या दिवशी चाची पुन्हा ऑफिसात हजर! मी उठून उभा राहिलो.

"चाची, काल मी तुम्हाला जे दाखवलं ना, ते..."

"त्या वेळचं नव्हतं. ठाऊक हाय."

"कसं काय?"

"नांगरलेली बोट पाणी येतं तिकडं तोंड करते. तुझ्या चष्म्यात सगळ्या समुद्राकडं तोंड करून होत्या. म्हणजे भरती. आणि मी आले तेव्हा ओहोटी लागलेली. म्हटलं, याला आजचं काय पण ठाऊक नाय. तशीच जेटीवर गेले आणि दीराला बोट काढायला लावली."

माझी मान वर होईना. "मग तेव्हाच का नाही ओरडलात माझ्यावर?"

"ओरडत बसले असते तर ओहोटीनं खाडीतलं पाणी उतरून गेलं असतं. बोट बाहेर कशी काढणार?"

चाचींनी माझ्यासमोरची खुर्ची ओढली, पदर खोचला आणि बसल्या.

"आज वेळ हाय."