‘लोखंडी चंद्र’चा शेवट

दुपारचं जेवण झालं की मी डाव्या कुशीवर पडतो आणि पाच मिनिटांत घोरायला लागतो, असं बायको म्हणते. आज मात्र डोळा लागत नाहीये. सकाळी प्रमिलाताई तेलंगांच्या मुलीचा, शर्वरीचा फोन आला होता. “काका, आईला जाऊन रविवारी दहा वर्षं होतील. सगळे जमतोय. तिचं ‘लोखंडी चंद्र’चं संगीत पूर्ण कुणाला येत असेल तर ते तुम्हालाच.” मी “बघतो” म्हणालो. बघतो काय, कपाळ!

‘लोखंडी चंद्र’ ही टीव्हीवरची अंतराळाची मालिका, चाळीस वर्षांपूर्वीची. भाग कुठे उरलेले नाहीत. संगीत ताईंचं आणि ध्वनिमुद्रण माझं. स्टीलच्या परातीत गोट्या फिरवायच्या, तो आवाज अर्ध्या वेगानं वाजवायचा, की झालं यान सुरू. त्यावर ताईंची पेटी, हळूहळू चढत जाणारी. सुरुवात मला येते. मी मनातल्या मनात म्हणत पाचव्या सुरापर्यंत जातो आणि पुढे काही नाही. परत पहिल्यापासून. पंख्याची घरघर खाली खाली उतरत जाते, कुणीतरी टेपचा वेग कमी केल्यासारखी.

“सदानंद, परात जरा तिरकी धर,” ताई म्हणतात.

त्या माझ्या पायथ्याशी बसल्या आहेत, मांडीवर पेटी घेऊन. मी परात तिरकी धरतो. माझी खाट गिरगावातल्या त्या छोट्या स्टुडिओत आहे, याचं मला काही वाटत नाही. ताई गेल्या आहेत हे मला माहीत आहे. तेही चालतंय.

“ताई, पाचव्या सुरानंतर काय होतं?”

“मला काय विचारतोस? टेप लाव की.”

आम्ही दवाखान्यात नंबर लावून बसलो आहोत. बाकांवर सगळे वादक बसलेत, व्हायोलिनं छातीशी धरून. कंपाउंडर खिडकीतून औषधाच्या बाटलीऐवजी टेपचा डबा सरकवतो. डब्यावर ताईंचं अक्षर आहे. मी टेप लावतो. दंतमंजनाची जाहिरात वाजते. काढून पुन्हा लावतो. दंतमंजनच. सगळे वादक माझ्याकडे बघायला लागतात.

तेव्हा टेपांची टंचाई असायची. काम झालं की डब्यावर खडूनं फुली मारायची आणि फुलीवाल्या टेपा पुसून पुन्हा वापरायच्या. ताईंच्या डब्यावर फुली मीच मारली, शेजारच्या डब्यांबरोबर, हात चालत होता म्हणून. पुसलीही मीच. पुढे ताई भेटल्या की विचारायच्या, टेप जपलीस ना? मी हो म्हणायचो. शेवटच्या आजारातही हो म्हणालो.

“ताई, ती मी पुसली.”

“कधी?”

“चौऱ्याऐंशी साली. गणपतीच्या आधी.”

“आणि मी विचारायची तेव्हा?”

“खोटं बोलायचो.”

ताई रागावत नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “अरे, तेव्हाच सांगायचंस ना,” त्या म्हणतात. “एका दुपारीत लिहून दिलं असतं. सगळं डोक्यात होतं माझ्या.”

मला इतकी लाज वाटते की मान वर होत नाही. खाली थर्माकोलचे खडक आहेत, चंदेरी रंग दिलेले, आणि ते लांबवर पसरलेत. दवाखाना नाही, वादक नाहीत. चंद्रावर चांगलाच वारा आहे. ताई पदर खोचतात.

“चल, म्हण माझ्यामागून.”

त्या म्हणतात, मी म्हणतो. पाचवा सूर जातो आणि सहावा येतो, इतका सोपा की मला हसू फुटतं. हाच तर होता! मग पुढचं सगळं येतं, आणि शेवटही. मी लिहून घ्यायला खिसे चाचपतो. खडू निघतो. खडकावर लिहायला जातो, थर्माकोलवर खडू उमटत नाही.

“ताई, पुन्हा एकदा.”

“पुन्हा कशाला? आलं की तुला.”

“मी जागा होईन हो. जागा झालो की जाईल सगळं.”

“मग होऊ नकोस,” ताई म्हणतात. जसं काही ते माझ्या हातात आहे.

चार वाजलेत. घसा बसलाय. मी घाईघाईनं सुरुवात म्हणतो, पाचव्या सुरापर्यंत जातो. पुढे काही नाही.

बायको दारात उभी आहे. “काय सुंदर गात होतात हो झोपेत!”

“मी?”

“केवढं मोठं गाणं! पीठ मळता मळता उठून आले मी. शेवटाला तर अंगावर काटा आला.”

“कसा होता शेवट? म्हणून दाखव. जमेल तसा म्हण.”

ती तोंड उघडते. हात हवेत वर जातो, थोडा खाली येतो आणि तिथेच थांबतो. बेचाळीस वर्षांच्या संसारात हिला साध्या आरतीचाही सूर लागलेला नाही, आणि त्यावरून मी तिला कमी चिडवलेलं नाही.

“नाही हो येत मला,” ती म्हणते. तिचे डोळे भरून आलेत.

दाराच्या चौकटीवर, ती टेकून ऐकत होती तिथे, तिची चार बोटं उमटली आहेत. थालीपिठाचं पीठ, अजून ओलं. माझी नजर बघून तिचंही तिकडे लक्ष जातं. “अगंबाई!” म्हणत ती फडकं आणायला वळते. मी उठून तिचा हात धरतो.