शेऱ्याला तीस अक्षरं

फोन वाजायच्या आधीच काकांचं बोट पेटीतल्या एका कार्डावर टेकलेलं असायचं. पलीकडून नुसतं ‘हॅलो’ आलं की ते म्हणायचे, “बोला, सोयगाव!” नाहीतर, “बोला, पैठण!” त्यांच्या लेखी माणसाला नाव नव्हतं, गाव होतं. पलीकडचा दुकानदार खूश. एवढ्या गिऱ्हाइकांत आपला आवाज ओळखला म्हणून.

आमची औषधांची घाऊक एजन्सी होती, औरंगपुऱ्यात. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद. गावोगावची मेडिकल दुकानं फोनवर ऑर्डर द्यायची, आम्ही खोकी बांधून एसटीनं पाठवायचो. ऑर्डरी घ्यायचं काम काकांचं; नात्यानं नव्हे, वयानं ते सगळ्या ऑफिसाचे काका. त्यांच्या टेबलावर एक लांबट लाकडी पेटी, तिच्यात दुकानागणिक एक कार्ड. पुढच्या बाजूला नाव-पत्ता, मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात शेरे.

मी तिथं कम्प्युटरवाला म्हणून लागलो. सहा महिन्यांचा कोर्स केला होता, त्यातले दोन महिने क्लासला वीज नव्हती. घरी आजही माझी या क्षेत्रात ख्याती आहे. मोबाइलचं काही अडलं की मुलीला विचारावं लागतं, ही गोष्ट आम्ही चारचौघांत काढत नाही.

पण तेव्हा माझा रुबाब पाहण्यासारखा होता. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. ऑफिसात नवीन मशीन येतं आणि ते आपणच शोधून काढल्यासारखा वावरतो, तो.

काकांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. “कागदाला विचारू.” मग कार्ड निघायचं, चष्मा वर जायचा. एकदा पैठणच्या दुकानदारानं नेहमीची ऑर्डर दिली. काकांनी कार्ड उलटलं. “नाथषष्ठीची जत्रा आलीया ना हो? मागल्या साली जुलाबाची औषधं दुपारीच संपली होती तुमची. दोन खोकी वाढवा.” त्यानं वाढवली, आणि षष्ठी झाल्यावर काकांसाठी पेढे पाठवले.

मालकांनी सांगितलं, ही सगळी कार्डं कम्प्युटरात घाल. मी नाव घातलं, पत्ता घातला. काका खुर्ची ओढून शेजारी बसले.

“आन् मागचं?”

“शेऱ्याला जागा आहे ना काका. तीस अक्षरं. इंग्रजीत.”

“तीस? अहो, इथं नुसतं माणसाचं नाव लिव्हायचं तर वीस जातात!”

तरी ते नेटानं बसले. सोयगावात दोन सख्खे भाऊ होते, दोघांची औषधांची दुकानं, आणि एकमेकांचं तोंड बघत नव्हते. त्यांच्या कार्डावर सात ओळींची हकिकत होती. काकांनी पाठकोऱ्या कागदावर खाडाखोड करून ती खाली आणली. तिसऱ्या दिवशी मला चिठ्ठी दिली : ‘दोन भाऊ. दोन गाड्या.’

“बघा, बसतंय का.”

“नंतर टाकू,” मी म्हणालो. असे पन्नासेक कागद त्यांनी मला दिले. सगळे ‘नंतर’मध्ये गेले.

मग एक दिवस ते माझ्या टेबलापाशी आले. काम नसताना ते कधी येत नसत. “साहेब, तुमचं मशीन चालू द्या. पन पेटी ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. टेबलाखाली ठिवतो. कुनाच्या पायात नाय येनार.”

माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला साहेब म्हणाला, तिथंच मला थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, म्हाताऱ्याचा हेका आहे. जोवर पेटी आहे तोवर कम्प्युटरला कुणी हात लावणार नाही, असं कोर्समध्ये शिकवलंही होतं. वीज असतानाच्या चार महिन्यांत. त्या शनिवारी काका भाचीच्या लग्नाला गेले होते. मी रद्दीवाल्याला बोलावलं. कार्डं, काकांच्या चिठ्ठ्या, सगळं पेटीसकट देऊन टाकलं.

सोमवारी ते आले. टेबलाकडं बघितलं, टेबलाखाली बघितलं.

“कुठं ठिवली?”

“आता सगळं यात आहे काका. ए-बी-सी-डीप्रमाणे!”

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी उचलला. “बोला...” म्हणाले आणि थांबले. पलीकडून दोनदा ‘हॅलो, हॅलो’ झालं. काकांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, “आपलं गाव कोनतं?”

आम्ही हसलो. सगळेच. वाटलं, मला धडा शिकवायला नाटक करतायत. “काका, रुसलात व्हय?” मी मोठ्यानं म्हणालो. तेही हसले. ते हसू माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

त्याच आठवड्यात कम्प्युटरनं दोन्ही भावांची खोकी एकाच गाडीनं सोयगावला धाडली. स्टँडवर दोघं समोरासमोर आले आणि खोकी राहिली बाजूला, भाऊ हातघाईवर आले. मालक माझ्यावर ओरडले. मी म्हणालो, “काकांनी मला सांगितलंच नाही.” काका समोर उभे होते. “व्हय, राहून गेलं,” म्हणाले.

पुढं ते फोनवर अडखळायला लागले. एकाची ऑर्डर दुसऱ्याच्या नावावर जायला लागली. मालकांनी त्यांना खोकी बांधायला बसवलं. एके दिवशी ते आले नाहीत. मग आलेच नाहीत.

मला त्यांच्या घरी जायला सात-आठ महिने लागले. गारखेड्यात दोन खोल्या. काका कॉटवर बसले होते, स्वच्छ सदरा, दाढी केलेली. मी नाव सांगितलं. त्यांनी अदबीनं हात जोडले, “बसा ना,” म्हणाले, आणि भिंतीकडं बघत राहिले.

काकूंनी चहा टाकला. आतल्या खोलीत मला म्हणाल्या, “तुमच्याकडं यायचे, तव्हाच हे इसरनं सुरू झालं होतं. काम सुटायच्या दोन वर्सं आधीपासून. डॉक्टरनं सांगितलं होतं, हे वाढत जानार. पन कुनाला बोलू दिलं नाय मला. म्हनायचे, कार्डं हायेत तवर निभतंय.”

काकूंनी कपबशा मांडल्या.

“कुनाचा फोन कोनत्या वारी, किती वाजता, तशी लावून ठिवायचे म्हनं. म्हंजे उचलायच्या आधीच ठावं.” त्यांनी चहा गाळला. “तुमच्या हापिसातल्या मान्सांची बी कार्डं होती त्यात. तुमचं बी. सकाळी गेल्या गेल्या वाचायचे. लेकीचं नाव चुकायला नगं म्हनायचे.”

काका रोज सकाळी माझ्या लेकीचं नाव घेऊन चौकशी करायचे. मी स्क्रीनवरची नजर न काढता “बरी आहे” म्हणायचो.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. मागं वळून त्यांनी खोलीकडं पाहिलं, मग आवाज खाली आणला.

“एक विचारू का, भाऊ? त्यातलं एखादं कार्ड असंल का तिकडं? कुनाचं बी चालंल. आता सहीसुदिक येत नाय त्यांना. चांगले असतानाचं अक्षर घरात कायीच नाय.”

“बघतो, काकू,” मी म्हणालो.

“बघा. घाई नाय.”

त्यानंतर काका दीड वर्ष होते. काकूंनी पुन्हा कधी विचारलं नाही. आणि पेटी मी रद्दीत दिली, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.