बाबांची गाडी

अर्धांगाच्या झटक्यानंतर चंद्रप्रकाशांची उजवी बाजू हळूहळू सावरत होती, पण बोलायला एकच शब्द उरला होता. गाडी. पाणी हवं असलं तरी गाडी, पंखा नको असला तरी गाडी. समोरच्याला कळलं नाही की ते तोच शब्द मोठ्याने म्हणायचे आणि मग भिंतीकडे तोंड फिरवायचे.

गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घाटकोपरला बरीच वर्षं हातगाडी ढकलली होती. त्याच कमाईवर मुलगी इरावती शिकली. वाकोल्याच्या शाळेतल्या एका म्हाताऱ्या फादरकडून तिने हौसेने लॅटिन घेतलं आणि आता एका छोट्या लॅटिन-मराठी शब्दकोशाचं काम ती घरी बसून करत होती.

बसून म्हणायचं एवढंच. बाबांचा आवाज आला की ती उठायची, परत यायची, ओळ विसरायची. नेमकी ती 'प्लाउस्ट्रुम'वर अडली होती. बैल जोडलेली मालगाडी, हा सरळ अर्थ. पण त्याच शब्दाने रोमन लोक आकाशातल्या सप्तर्षींनाही ओळखत, आणि कामाचा विचका झाला की गाडी उलटली म्हणत. तिने तिन्ही अर्थ लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले.

"गाडी," आतून हाक आली.

तिची आई सुगंधा पाणी घेऊन गेली. त्यांनी ग्लास ढकलला. "काय होया तुमका? सांगा तरी," सुगंधा म्हणाली आणि तिथेच पलंगावर बसली.

भाऊ निलेशला वाटलं, त्यांना फिरायचंय. त्याने रिक्षा आणली. रिक्षा बघून बाबांनी मान हलवली. नको.

"मग काय पाहिजे यार यांना?" निलेश वैतागला.

"ओरडू नकोस. ते काहीतरी नक्की सांगतायत," इरावती म्हणाली. पण काय, ते तिलाही कळत नव्हतं.

संध्याकाळी तिने त्यांना व्हीलचेअरवर बसवून सोसायटीच्या आवारात आणलं. दोन फेऱ्या झाल्या. तिसरीला त्यांनी चाक हाताने धरून खुर्ची थांबवली. "गाडी," ते म्हणाले आणि मागच्या मुठींकडे बोट केलं. मग स्वतःकडे.

"बाबा, तुम्ही ढकलणार?"

त्यांनी जोरात मान हलवली. हो.

तिने ब्रेक लावला, काखेत हात घालून त्यांना उभं केलं, मागे नेलं. ब्रेक काढताच रिकामी खुर्ची पुढे पळाली आणि ते धडपडले. तिने सावरलं. घाबरून ती त्यांना परत बसवायला लागली, तर त्यांनी तिचा हात झटकला आणि सीटवर थाप मारली.

"गाडी."

"मी बसू?"

ती बसली. तिच्या वजनाने खुर्ची स्थिर झाली. मागे श्वास ऐकू येत होता, उजवा पाय फरशीवर घासत होता. निलेश धावत येऊन बाजूने चालू लागला, पण त्याने हात लावला नाही. ते पार्किंगच्या खांबापर्यंत पोचले. बाबांच्या कपाळावर घाम होता आणि ते हसत होते.

फिजिओथेरपिस्ट दिशा दुसऱ्या दिवशी इरावतीला रागावली. "पडले असते तर?" मग तिने त्यांना नीट उभं राहायला शिकवलं, आणि एक माणूस सतत बाजूला हवा असं बजावलं.

महिनाभरात ते गेटपर्यंत जाऊ लागले. इरावतीने नोंद पूर्ण केली, तिन्ही अर्थ ठेवून. पुढच्या शब्दाला सुरुवात केली न केली तोच आतून आवाज आला.

"सुगंधा," बाबा म्हणाले. "चाय."