दही-साखर आणि सायकलवरची सून

तमाम जनतेस अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की, वर्ध्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत एका सकाळी माझा मनुष्यजातीवरचा विश्वास उडाला.

मी वारशाने येणाऱ्या स्नायूंच्या आजारांवर संशोधन करते. स्नायू ऊर्जा कुठून आणतात आणि ती कुठे अडते, ते शोधते. त्या दिवशी हिंगणीहून सासू-सून आल्या होत्या. थोडं भरभर चाललं की सुनेचे पाय दगड होत, तिच्या भावाचेही. स्नायूंत साठलेली साखर तिला वापरता येत नसावी, हा माझा अंदाज. घरचं निदान वेगळं होतं.

"नाटक असंन तं नाटक सांगा, मॅडम," सासूबाई म्हणाल्या. "मंग मी पाह्यतो तिले."

सून मान खाली घालून चाचणीच्या सायकलवर बसली. उपाशीपोटी या, असं मी फोनवर बजावलं होतं. तोंडाला मास्क लावला, छातीला वायरी चिकटवल्या. आता पाय अडायला हवेत, छाती धडधडायला हवी. पण पोरगी मजेत पायडल मारत राहिली! सासूबाई खुर्चीत सरसावून बसल्या.

"खरंच दुखते हो मले," सून रडवेली झाली.

मी आधी मशीनवर संशय घेतला, मग टेक्निशियनवर, मग, लाज वाटते, सुनेवर. शेवटी नजर सासूबाईंच्या मांडीवरच्या पिशवीवर गेली. आल्यापासून ती त्यांनी खाली ठेवली नव्हती. मास्क काढून पाहिला: आत पांढरा डाग. वास आंबूस!

"पिशवीत काय आहे?" मी फौजदारी आवाजात विचारलं.

स्टीलचा डबा निघाला. तळाशी दही आणि ओली साखर.

"तुमच्या दारातच भरवली," सासूबाई म्हणाल्या. "परीक्षेले पोरीले कोऱ्या तोंडानं बसवाव काय? अन् दही-साखर काय खाणं असते?"

डबाभर साखर! स्नायूंतली अडलेली, पण ही बाहेरून रक्तात आलेली. तिच्यावरच पाय फिरत होते. उलट माझा अंदाज पक्काच झाला, पण परीक्षा फुकट गेली.

पुढच्या आठवड्यात मी फाटकावरच पिशवी जप्त केली. सासूबाईंनी मला शत्रूसारखं न्याहाळलं. सायकल सुरू झाली. थोड्याच वेळात सुनेचा चेहरा पिळवटला, पाय जड पडले, छातीच्या ठोक्यांचा आलेख उसळला. मला हवं तेच घडत होतं. मी टेक्निशियनला थांबवायची खूण करणार, तेवढ्यात मागून खुर्ची कोसळली.

"बंद कर न ते चाक, बाई! दिसून नाई राह्यलं काय तुले, माह्या पोरीचे पाय उठत नाई ते?"