दूध संस्थेतलं 'रिजेक्ट'

पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावात 'रिजेक्ट' हा शब्द मी आणला. त्याची मला आजही लाज वाटते.

बारावी झालेला म्हणून दूध संस्थेत सचिव झालो होतो. नासकं, पातळ, वास मारणारं असं वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एक इंग्रजी शब्द ठणकावला की काम भागायचं. समोरचा गप्पही बसायचा. थोड्याच दिवसांत फुटकी घागर रिजेक्ट, जळालेली मोटार रिजेक्ट, बघायला येऊन गेलेला नवरदेवसुद्धा रिजेक्ट. मला स्वतःचं कोण कौतुक!

त्या वर्षी दुष्काळ पडला. पाण्याचा टँकर नेमका सकाळी दूध घालायच्या वेळेला यायचा. आमच्या गल्लीतली एक मावशी धार काढली की तशीच फेसाळलेली किटली घेऊन सगळ्यांच्या आधी संस्थेत यायची, म्हणजे मग टँकरवर नंबर लावता येईल. बाकीचे पाणी भरून सावकाश यायचे. तिच्या दुधात लॅक्टोमीटर सोडला की डिग्री कमी भरायची. म्हणजे पाणी घातलेलं. ओट्यावर बसलेल्या मंडळींना ऐकू जाईल असं मी म्हणायचो, "रिजेक्ट!"

"भाऊ, प्यायला पानी न्हाई, दुधात कुठून घालू?" ती एकदा म्हणाली. मंडळी हसली. मीही हसलो. पुढे पोरंसोरं तिला रिजेक्टवाली म्हणायला लागली.

दोनेक महिन्यांनी मला प्रशिक्षणाला पाठवलं. पहिल्याच तासाला सांगितलं की दूध कोमट असलं तर लॅक्टोमीटर डिग्री कमी दाखवतो. आधी निवू द्यायचं, मग मोजायचं. गावात सगळ्यात ताजं दूध जिचं, तिलाच मी भेसळवाली ठरवून बसलो होतो.

परत आल्यावर भर दुपारी, गल्लीत कुणी नाही असं बघून, तिच्या दारात गेलो. सगळं सांगितलं. "मावशी, चूक माझी हाय."

तिने ऐकून घेतलं. "मला काऊन सांगतोस? म्या पानी घातलं न्हाई, हे मला ठावं हायच की. चौघात बोललास ना? मग चौघातच सांग."

"सांगतो," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ओटा भरलेला होता. तिची किटली मी बाजूला ठेवली, दूध निवू दिलं, मोजलं. डिग्री बरोबर भरली. टँकरचा हॉर्न वाजला तरी ती हलली नाही, माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी दूध कॅनमध्ये ओतलं, रिकामी किटली तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "चला, पुढचं कोण?"